पातेल्यावरचं नाव

गड्ड्यात आमचा स्टॉल होता
मौत का कुव्याच्या डाव्या अंगाला.
मोटारसायकल भिंतीवर चढली
की आमच्या फळीवरचे पेले आपोआप सरकायचे.

फलक शमुवेलनं रंगवला:
चर्चच्या बाजाच्या पेटीसाठी. ताट साठ रुपये.
खाली बारीक अक्षरात: आमटी पोट भरेपर्यंत.
ही ओळ मला विचारून लिहिलेली नव्हती.
खजिनदार मी.

पेटीचा भाता उंदरांनी खाल्लाय.
गेल्या नाताळात तिसरं कडवं
आम्ही नुसत्या छातीवर ओढलं,
मकासरे वरच्या पट्टीत, बाकीचे जमेल तिथं.
मिरजेचा कारागीर अठरा हजार म्हणतो.

मीटिंगमध्ये मटणाचं निघालं होतं.
मटणाशिवाय आपल्याला कोण ओळखणार, मकासरे म्हणाले.
पाळकबाई म्हणाल्या, यात्रा सिद्धरामाची,
त्याच्या दारात आपण पाहुणे.
मग शेंगांची आमटी, कडक भाकरी
आणि चटणी, उखळात, तेल सुटेपर्यंत कुटलेली.

सत्त्वशीलाकाकू पहाटे चारला बसल्या.
त्यांचा हात हल्ली थरथरतो,
चहाची बशी वाजते.
मुसळ धरलं की थांबतो.
काकूंना विचारलं तर म्हणाल्या,
त्याला कामाची लाज आहे, चहाची नाही.

विडी वळणाऱ्या बाया आल्या, पाच-सहा.
ख्रिश्चनांचं आहे का? तिखट असतंय का?
एक तेलुगूत काहीतरी बोलली,
सगळ्या हसल्या, मग बसल्या.
बाराबंदीतल्या एका म्हाताऱ्यानं
भाकरी मोडून आधी कानाशी नेली.
कडक हाय की बे, म्हणाला,
आणि तीन वाट्या आमटी प्याला.
शमुवेल वाढत राहिला.
मी त्याच्याकडे बघत राहिलो.

कुव्यातला पोरगा ग्रीसच्या हातांनी आला,
तीन ताटं जेवला, दोनाचे पैसे दिले.
नऊच्या शोनंतर देतो म्हणाला.
वहीत लिहिलं: येणे साठ.
गड्डा उठला, पत्रे उतरले, ट्रक विजापूर रस्त्याला लागले.
ते साठ अजून येणे आहेत.

निव्वळ शिल्लक अकरा हजार सातशे चाळीस.
भात्यापुरते झाले. सुरांचं पुढच्या वर्षी बघू.

दुसऱ्या दिवशी भांडी.
ओसरीवर पालथी घालून नावं वाचत बसलो:
भांबळ. शां. य. साळवे.
चि. आशीषच्या बाप्तिस्म्याप्रीत्यर्थ, मामाकडून.
एकेक नाव उचलून घरोघर गेलं.
उरलं सगळ्यात मोठं पातेलं.
कै. नरसम्मा व्यंकटय्या गुंडेटी यांचे स्मरणार्थ, १९८१.
आमच्या मंडळीत गुंडेटी कुणी नाही.
काकू म्हणाल्या, हे तर पहिल्यापासून इथंच आहे.

सायकलच्या कॅरेजला बांधलं
आणि साखर पेठेत विचारत फिरलो.
चौथ्या गुंडेटींकडं यंत्रमाग थांबला,
कानात कापूस असलेला माणूस बाहेर आला,
पातेल्यावर बोटाचं पेर मारलं, ऐकलं.
आईचं आहे. बहिणीच्या लग्नात हरवलेलं.
कुणी नेलं होतं?
माहीत नाही, मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

यात काय शिजवायचात?
सगळं.
सगळं?
नाताळचं मटण पण, मी म्हणालो. तीसेक वर्षं.
तो बुडावरची काजळी अंगठ्यानं घासत राहिला.
मग म्हणाला, तिला मटणच लागायचं.
रविवार चुकला तर बापाशी बोलायची नाही.

पातेलं आत गेलं.
मी सायकल वळवली तेव्हा त्यानं हाक मारली:
डिसेंबरात पोरगा पाठवा. रिकामं परत करू नका.

घरी येऊन वही उघडली.
पातेलं, गुंडेटी: देणे.
खोडलं.
येणे, लिहिलं. तेही बरोबर वाटेना.
रकाने दोनच आहेत या वहीत,
आणि काकूंच्या हातचं तेल लागलेलं पान
शाई धरत नव्हतं.