खिळ्याचं टोक

भिंतीला आधी बोटाच्या पेरानं विचारावं.
टक् म्हणाली, तर वीट.
बद् म्हणाली, तर गिलावा सुटलेला,
नाल्याची रेती, सिमेंट नुसतं दाखवायला.
काहीच बोलली नाही, तर माती.
तिच्याशी घाई करायची नसते.

आर्णीला माझं फ्रेमचं दुकान.
काच कापतो, कोपरे जोडतो,
आणि गिऱ्हाइकाच्या गावी जाऊन टांगूनही देतो.
पेट्रोलचे वेगळे.
कोणी पैसे देतं, कोणी पायलीभर तूर.

मातीच्या भिंतीत खिळा म्हणजे दाढेत काडी,
हलत राहतो, भोक मोठं करत राहतो,
एका रात्री फ्रेमसकट खाली.
तिथं बाभळीची खुंटी हवी, वीतभर,
भुसा कालवलेल्या चिखलात बसवलेली,
तोंड जरासं वर.
आठ दिवस हिच्यावर काही टांगू नका, सांगून निघतो.
चप्पल घालेपर्यंत तिच्यावर छत्री आलेली असते.

स्लॅबच्या घरी खिळे वाकतात.
उकंडराव भगतांकडे चार वाकले,
पाचवा उडून दिवाणाखाली गेला, अजून तिथंच असेल.
ड्रिल नेलं तर लाईन नाही.
लाईन रात्री बाराला, ओलिताच्या पाळीची.
म्हणून रात्री बाराला मी त्यांच्या बैठकीत
भोकं पाडत होतो,
आणि शिवारभर मोटारी सुरू झाल्या होत्या.

टिनाच्या आडोशाला नटबोल्ट,
मागून सायकलच्या ट्यूबचं वायसर.
मे महिन्यात त्या टिनाला हात लावून बघा,
मग मला विचारा, रंग का उडाला.

खालच्या दोन कोपऱ्यांना
जुन्या चपलेच्या तळव्याचे तुकडे चिकटवतो.
चित्र भिंतीपासून बोटभर सुटं राहतं,
मागून वारा फिरतो, उधई धजत नाही.
पाल येते. तिला इलाज नाही.

उंची डोळ्यांइतकी, असं उस्तादानं शिकवलं होतं.
पंचफुलाबाईंकडे तशीच मोजून लावली.
चुलीपुढून मान वर करून त्या म्हणाल्या,
"उभं राहून कोन पायते, बाप्पा?
आमी त बसूनच असतो."
दोन हात खाली घेतली.
वरचं भोक तसंच आहे, त्यात आता उदबत्ती खोचतात.

आणि रुचिका डाखोरे, इयत्ता आठवी,
चित्रकलेत तालुक्यात दुसरी.
मोहाखाली म्हैस. म्हैस निळी,
कारण काळा रंग संपला होता.
घरात टांगायला जागा एकच : मधला कुड,
तुऱ्हाट्यांचा, शेणामातीनं लिंपलेला,
बाप आणि काका वेगळे झाले तेव्हा घातलेला.
मी चार इंची खिळा लावला.
दुसऱ्याच ठोक्याला तो काड्यांच्या फटीतून
सरळ पलीकडे गेला.

"कोन होय तो?" पलीकडून.
अलीकडे सगळे गप्प.
दोन वर्षं या कुडातून फक्त
फोडणीचा वास ये-जा करत होता.
वळसा घालून जाणारा मीच एक होतो. गेलो.
काकू चुलीजवळ उभी,
भिंतीतून निघालेल्या टोकाकडे बघत.
"काढू काय?" मी विचारलं.
तिनं टोकाला बोट लावून पाहिलं.
"राहू द्या. गायनी टांगाले जागाच नोती."
आणि चहाची गाळणी टोकाला अडकवली.

कुडात खिळा ठरत नाही, हे मी शंभरदा सांगितलंय.
हा ठरला. का, ते मला विचारू नका,
मी चपलेचे तुकडे चिकटवणारा माणूस.

मागच्या पोळ्याला त्या गावी गेलो होतो.
सकाळी म्हैस जराशी हलली,
एका बाजूला कलली.
रुचिकानं वही खाली ठेवली, फ्रेम सरळ केली
आणि आत हाक मारली,
"आई, काकूचा चहा झाला व."