कोरडं वजन

चाळीस वर्षं मी थाखेकच्या शाळेत भूगोल शिकवला.
पश्चिमेला मेकाँग, पलीकडे थायलंड,
पूर्वेला चुनखडीचे डोंगर, आपले.
पाठ करा.

मुलं पाठ करायची.
मला मात्र निवृत्तीनंतर कळलं
की आपले डोंगर आपल्याला नीट दिसतच नाहीत,
फार जवळ आहेत.
ते बघायचे तर नदी ओलांडून नाखोन फनोमला जावं,
दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
खाट सात, खिडकीकडची.

मंगळवारी जातो आणि शुक्रवारी.
डाव्या हातातून रक्त निघतं,
नळीतून पलीकडे जातं,
एका पातळ पडद्यापाशी झडती देतं,
नको ते ठेवून परत येतं.
चार तास.
होडीला दहा मिनिटं पुरतात.

एवढी नदी ओलांडायची
आणि दिवसाला पाणी प्यायचं दोन वाट्या!
होडीच्या काठाशी बसून
मी ओठ चाटतो.

रत्तिकान नर्स फॉर्म थाईत भरते,
सुई टोचताना लाओत बोलते.
"दुखतंय का, काका?"
हे तिच्या आजीचे शब्द.
आजी आमच्या काठची;
एका रात्री कढई पोटाशी धरून होडीत बसली,
उतरली तेव्हा देश बदलला होता.
भात तोच राहिला, चिकट,
टोपलीतला, बोटांनी वळायचा.

आठ वाजता तिकडे राष्ट्रगीत लागतं.
खाली बसस्टँडवर माणसं उभी राहतात,
अर्धी केळी तोंडात तशीच.
भिंतीवर राजा.
आमचा राजा मला मिसरूड फुटत होतं तेव्हा गेला.
आमच्याकडे खांबावर कर्णा आहे,
भल्या पहाटे भाताच्या उत्पन्नाचे आकडे सांगतो.
झेंडे दोन, पक्ष एक.
तिकडे झेंडा एक, पक्ष पुष्कळ,
आणि मधूनच रणगाडे, रत्तिकान हळू आवाजात म्हणते.
मी उठत नाही.
यंत्राला बांधलेला माणूस
कुठल्याच गाण्याला उभा राहत नाही.

खाट आठवर थोंगदी.
तेच यंत्र, तेच मीठ वर्ज्य, तीच खाज रात्रभर.
त्याला सोनेरी कार्ड, मला बिल.
बिलात मोटरसायकल गेली,
मग बायकोचं शिलाई मशीन.
त्याचा हेवा करावा म्हटलं,
तर तो पहाटे तीनला निघालेला असतो, एकटा.
मुलगी बँकॉकला आहे,
कुणाच्या तरी वडिलांना आंघोळ घालते.

आमच्या दवाखान्यातही यंत्रं आहेत. दोन.
भेट आलेली, प्लास्टिक अजून तसंच.
डॉक्टर माझाच विद्यार्थी, नकाशे सुरेख काढायचा.
बाजारात भेटला की माझ्या चपलांकडे बघतो.

एकदा रत्तिकानने तिच्या आईच्या गुडघ्यांसाठी
आमच्या डोंगरातली साल मागवली.
इथली म्हणे लागू पडत नाही.
नेली. तिकडच्या कस्टमवाल्याने पुडी हुंगली, ठेवून घेतली.
माझ्या अंगात भरलेलं आठवड्याचं विष
त्याने हात जोडून आत सोडलं.

आधी वजन, नंतर वजन.
मधला फरक कधी दोन किलो, कधी अडीच.
तेवढा मी त्यांच्या देशात ठेवून येतो.
पुढे नळी, गटार, उतार. उतार मला माहीत आहे.
तास न् तास मी फळ्यावर
नदीच्या मधोमध तुटक रेघ मारली.
मागच्या बाकावरचा सेंगदाव विचारायचा,
सर, पुरात ही रेघ कुठे जाते?
मी त्याला बाकावर उभा केला होता.

तोच आता धक्क्यावर शिक्के मारतो.
आज माझी वही उलटीसुलटी चाळली,
ओल्या अंगठ्याने.
"सर, पानं संपत आली.
नवी काढायला हवी."

समोर ऊन त्यांच्याकडे बुडत होतं.
मी हिशेब केला, आठवड्याला चार शिक्के,
पानावर सहा.
मग म्हटलं, अर्ज दे,
आणि तुझं पेन.