पीयूषिका

सोहारला उन्हाची टंचाई नाही.
गच्चीवर टाकलेला ओला अबाया तासाभरात कडक होतो.
मुनाफ बंदरात क्रेनखाली उभा राहून राहून
मानेपासून मनगटापर्यंत सुकटीसारखा झालाय.

मी मात्र उजळत गेले.

फोनवर नणंद म्हणाली, भाभी, तिकडचं पाणी मानवलं गं,
कसली क्रीम लावतेस? येताना चार डब्या आण.
आणि सासू, जिने रंगावरून निकाह दोन महिने अडवला होता,
ती पडद्याजवळ तोंड आणून नुसती बघत राहिली.
खोटं कशाला बोलू, सुखावले मी.

भर जूनमध्ये एसी बंद करून शाल घेऊन बसायचे.
पोराच्या मागे चार पावलं धावलं की भिंत धरायची.
काखेतले केस गेले, कटकट मिटली म्हणून हसले.
छातीवरची काळी वर्तुळंही पुसट झाली.
हे कुणाला सांगायचं?

डॉक्टर बुथैनाने गालांकडे पाहिलंच नाही.
छाती तपासली, मनगट धरून थोडा वेळ गप्प बसली.
मग नर्सच्या मोडक्या हिंदीतून विचारलं,
बाळंतपणात रक्त किती गेलं?

किती म्हणजे? दाभोळहून चिपळूणपर्यंत
जीपची मागची सीट भिजली होती.

आणि दूध?

आलंच नाही.

तिने कागदावर एक डोकं काढलं, आत वाटाण्याएवढा ठिपका.
म्हणाली, ऊन बाहेरून दार वाजवतं,
कडी काढायचा हुकूम इथून सुटतो.
तुझा वाटाणा त्या दिवशी रक्ताविना सुकला.

रात्री मुनाफने मोबाइलवर मराठी नाव शोधलं.
पीयूषिका.
दहावीत आकृतीला नावं दिली होती मी, पैकीच्या पैकी मार्क.
आठल्येबाईंनी फोड करून सांगितली होती:
पीयूष म्हणजे व्यालेल्या गाईचं पहिलं दूध. चीक.
तेव्हा वर्गात सगळ्या खिदळल्या होत्या.

आता सकाळी दोन गोळ्या, दुपारी अर्धी.
थंडी गेली. पोराला पकडते, कधी कधी हरवतेही.
रंग परत येईल का, विचारलं.
बुथैना म्हणाली, गोळी काम उरकते, हुकूम देत नाही.

नणंदेसाठी डब्या घेऊन ठेवल्यात, चार.
कपाटात आहेत. अजून पाठवल्या नाहीत.