पूर्ण चालू

खाली यंत्रमाग, वर माझा क्लास.
सहा कॉम्प्युटर, चालतात चार.
खटखट जिना चढून येते
आणि फळीवरचे माऊस आपसूक थरथरतात.

सीडीत एक बाई आहे.
चुकलं तरी चिडत नाही,
ट्राय अगेन म्हणते, शंभरदा, त्याच गोडीनं.
मला हे पंचवीस वर्षांत जमलेलं नाही.

भिंतीकडच्या खुर्चीत केराबाई निकम,
वय एकसष्ट, चष्मा दोरीला.
नातू कोचीला, गलाईच्या दुकानामागं वाढलेला.
मल्याळी बोलतो, इंग्रजी बोलतो,
आजीचा आवाज आला की फोन आईकडे देतो.
म्हणून ही इथं, विट्यात, रोज पाच ते सहा.

पहिला आठवडा एकाच शब्दावर गेला.
"बाप्याला ही म्हनायचं?
आन् मग बाईला काय, तो?"
सीडीतल्या बाईकडे याचं उत्तर नव्हतं.

आज धडा चौदा. गाळलेली जागा भरा:
ही, पुढं रेघ, इन लंडन फॉर थर्टी इयर्स.
तिनं लिव्ह्ज दाबलं. फुली.
लिव्ह्ड दाबलं. फुली.
"र्‍हात हुता न्हाईच बरोबर," स्वतःशीच म्हणाली,
"जिता हाय की त्यो."
हॅज बीन लिव्हिंग. टुंग. हिरवी खूण.
खाली बारीक मराठीत: पूर्ण चालू वर्तमानकाळ.

"मास्तर, पूर्न बी झालं
आन् चालू बी हाय? ह्ये कसं?"
मी फळ्यावर रेघ ओढली.
इथं सुरू झालं. इथवर आलं.
अजून थांबलेलं नाही.
खडू मोडला, तिथंच टेकवून ठेवला.

ती रेघेकडं बघत राहिली, मग म्हणाली,
"म्हंजे आमचं लगीन.
अडतीस वर्सं. मालक कोचीत, मी हितं.
दिवाळीला आठ दिस, जत्रंला चार."
शेजारची पोरं हसली. तीही हसली.
मी खडूचा तुकडा शोधत खाली वाकलो.

तेवढ्यात लाईट गेली.
माग थांबले, एकेक करून नाही, एकदम,
आणि त्या शांततेत कुणाचा तरी मोबाईल
टेबलावर गुरगुरत राहिला.

वीस मिनिटांनी पडदे उजळले.
प्रोग्रॅम सगळं विसरला होता:
चौदा धडे, फुल्या, तिच्या हिरव्या खुणा.
पडद्यावर मांजर. दिस इज अ कॅट.

पोरं दप्तरं उचलून गेली.
केराबाईंनी चष्मा नाकावर ढकलला.
"ह्या बाईच्या काय बी ध्यानात र्‍हात न्हाई,"
म्हणाल्या, मायेनंच,
आणि मांजरावर बोट ठेवलं.