काठावरची

सालबर्डीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या धबधब्याखाली
चार तंबू नीट उभे राहिले. पाचवा प्रफुल्लचा,
खोक्यात एक दांडीच कमी निघाली,
म्हणून तुराटीच्या आधारानं, जरा वाकडा.

सतरा वर्षांनी सगळे. अकोला, वरोरा, पुणे,
एक तर थेट मस्कतहून.
काकानं डिक्कीतून गोवऱ्या आणल्या,
गोवऱ्यांवर वांगी, वांग्यांवर
मिनूचा फुगवायचा हंस.

पोरं डोहात. प्रत्येक उडीआधी एकच आरोळी:
"आत्या, पाहा!"
आणि देवका आत्या पाहते.
आम्ही उड्या मारायचो तेव्हाही पाहायची,
टॉवेल, चपला, चष्मे, कुणाचं घड्याळ सांभाळत.
तुला पोहता येतं का,
हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

दुपारी रोडगे राखेत गेले.
उलटवायला तीच लागते, म्हणून हाका मारल्या.
दगडावर घड्याळं, चष्म्यांची रांग,
रांगेच्या शेवटी तिचाही, घडी घातलेला.

धबधब्याच्या तुषारांपलीकडे
कासोटा खोचलेलं हिरवं लुगडं,
अंबाडा सुटून पाण्यावर पसरलेला,
ती उताणी. हातसुद्धा हलवत नव्हती.

"कुठं शिकली वं बाई?" काका ओरडला.
"वर्धेच्या पात्रात. तू रांगत होता तवा."
मग डोळे मिटून,
"अन् रोडगे पाहा तुमचे तुम्ही."

एका बाजूनं करपलेच.
तुपात बुडवून खाल्ले तसेच.
मिनू मात्र जेवायला आली नाही.
ती काठावर बसली होती,
आत्याचा चष्मा दोन्ही हातांत धरून,
थेंब उडू नये म्हणून
जरा पाठमोरी.