आमसुली

ननीटनच्या रंगवाल्याने जपानी पंखा उलगडावा
तशी रंगांची पट्टी काउंटरवर उलगडली.
फर्गल त्याचं नाव. तिशीच्या आतलाच असेल.
म्हणाला, घाई नाही, चहा टाकतो.
घाई मलाही नव्हती.
त्र्याहत्तरची स्पिटफायर
अकरा वर्षं गराजमध्ये विटांवर उभी आहे,
आणखी एक चहा तिला जड नाही.

गंमत अशी की कॅन्लीच्या कारखान्यात
नऊ वर्षं मी हेच रंग मारले,
तोंडाला फडकं बांधून, हातात गन,
दारं, बॉनेट, पुन्हा दारं,
आणि एकदाही कुणी विचारलं नाही
की वालावलकर, तुला कुठला आवडतो?
फोरमन सकाळी खडूने आकडा लिहायचा.
आकड्याचा जो रंग, तो आपला.

शालन शेजारी बसली होती,
गवार निवडायला बसते तशी, पर्स मांडीवर.
पिवळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा नको."
का?
"तीन वर्षं धुतलाय मी हा."

मग तिने फर्गलला सांगितलं, तिच्या इंग्रजीत,
जिला शब्द कॉव्हेंट्रीचे आणि हेल सावंतवाडीचा:
ह्यांच्या रुमालावरून मला कळायचं
या आठवड्यात कारखान्यात काय चाललंय.
नाक शिंकरलं की हळद. कधी मोरपंखी.
एकदा इतका शेंदरी, की रक्त समजून मी
एका पायात चप्पल घालून
शेजारच्या मिसेस पोलार्डला उठवायला गेले.

फर्गल हसला.
मग हसायचा थांबला.

मी चाकांवर आलो.
भिंतीला दोन संच टांगलेले:
एक पोलादी, भोकाभोकांचा, साधा,
आणि एक तारांचा, चाकाला साठ आरे,
मधोमध दोन कानांचा नट, तांब्याच्या हातोडीने ठोकायचा.
ही चाकं पुसायची म्हणजे
एक टूथब्रश आणि एक अख्खा रविवार.
"कोण पुसणार?"
मी.
"मग घ्या."
आणि चहातला चमचा उचलून
एकेक आरा वाजवत गेली,
बाजारात मडकं घ्यावं तशी, कान तिरपा करून.
टण. टण. टण.
तिसऱ्या चाकात एक बद्द बोलला.
"हा ढिला आहे."
फर्गलने चावी लावून पाहिली. होता.

राहिला रंग.
मी म्हटलं, पांढरा घेऊ. दुधी.
आपल्या वयाला बरा दिसेल.

शालनने पट्टी मिटली.
"पांढऱ्याच्या आठवड्यांत रुमाल कोरे यायचे.
मला किती बरं वाटायचं.
वाटायचं, चला, आता आत काही जात नाही."

बाहेरून लॉरी गेली. डब्यांची झाकणं किणकिणली.
गेल्या मार्चमध्ये हॉस्पिटलात
उजेडावर धरलेल्या फोटोत, माझ्या छातीत,
पिंजलेल्या कापसासारखं जे दिसलं
त्याबद्दल घरी आम्ही बोलत नाही.
तिथेही बोललो नाही.
मी पट्टी पुन्हा उघडली, मागच्या टोकाकडून.

तिथे तो होता. वाळल्या कोकमाचा,
उन्हात धरला तर जांभळा,
सावलीत जवळजवळ काळा.
"हा निघायचाच नाही," ती म्हणाली,
"सोडा घाला, लिंबू चोळा, उकळत ठेवा.
एक रुमाल अजून आहे शिवणाच्या डब्यात.
सुया पुसते मी त्याला."

किती लिटर, फर्गलने विचारलं.
ते मला झोपेतही सांगता आलं असतं.
पण ती माझ्याकडे वळली होती,
चमचा अजून हातात,
"तुम्हाला आवडतो ना?"

मी रुमाल काढला, नाक शिंकरलं,
आणि तिने, इतक्या वर्षांच्या सवयीने,
बघायला हात पुढे केला.