बाहेरली नखी

सोमवारी बत्ताशी उठली ती
पाठीची कमान करून,
मागला उजवा पाय सिमेंटवर नुसता चाटवत.
डेअरीतल्या पोरानं माप बघून विचारलं,
"काकू, तीन लिटर कुठं गेलं?"
म्हटलं, पायात गेलं.

लाडलेसाब नालबंद मोहोळच्या स्टँडवरनं चालत आले.
खांद्याला पोतं, पोत्यात रापी, पक्कड, कानस
आणि सवयीनं मूठभर पत्र्या,
आता कुणी मागत नाही त्या.
एके काळी कारखान्याच्या अड्ड्यावर
रात्री दोन-दोनला कंदिलाच्या उजेडात
ऊसगाड्यांचे बैल पाडायचे.
एका बैलाला आठ पत्र्या, बत्तीस खिळे.
एक जरी जित्यात घुसला
तर बैल पहाटेच्या आत सांगायचा.

"दे पाय," ते बत्ताशीला म्हणाले,
शेजारणीकडं तवा मागावा तसं.
तिनं दिला.
कासऱ्यानं दांडीला बांधून त्यांनी शेण धुतलं,
रापी चालवली,
कडक भाकरीसारखे पापुद्रे पडत गेले.
मग पकडीनं दाबत दाबत, कान गाईकडं:
इथं? इथं?
बाहेरल्या नखीवर ती थरथरली.
ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका.
टोक लावलं, तर पू उडाला माझ्या साडीवर.

"माती नको म्हणता तुम्ही लोक.
सिमेंट धुवायला बरं पडतं.
तुम्हाला."
मी गप्प.
कोब्याच्या अनुदानासाठी पंचायत समितीत
मीच चार खेपा घातलेल्या.

आतल्या धडक्या नखीखाली त्यांनी
बाभळीचा तुकडा चिकटवला,
म्हणजे दुखरी महिनाभर अधांतरी राहील.
"एकीनं दुसरीचं ओझं घ्यायचं.
जावा-जावांत असतंय तसं."
"आमच्यात नसतंय," मी म्हटलं.

तेवढ्यात रक्त दिसलं.
गाईचं समजून मी तांब्या ओतला.
पुन्हा आलं.
त्यांच्या चपलेखालनं येत होतं.

पत्रीचा जुना खिळा, टाचेत, माथ्यापर्यंत.
"कधी घुसला?"
"काय की. स्टँडपासनं असंल."
त्यांनी तळवा उलटा करून पाहिला,
गिऱ्हाइकाच्या जनावराचा पाहावा तसा.
करंगळी नव्हतीच. तिच्या शेजारचंही बोट नव्हतं.
"सिव्हिलला ठेवून आलोय. साखर."
आणि हसले.
"उभी जिंदगी साखर कारखान्यावर गेली,
दुसरं काय मिळणार?
हिला दुखतंय, म्हणून तुम्हाला कळलं.
मला कोण सांगणार?"

मी त्यांचीच पक्कड उचलली.
ओशाळून त्यांनी पाय लुंगीखाली घेतला.
"दे पाय," मी म्हटलं.
वडलांच्या वयाच्या माणसाला
अरे-तुरे निघालं तोंडून.

खिळा निघाला तेव्हा ते
बत्ताशीच्या पाठीकडं बघत होते,
कमान उतरली का ते.

अमावस्येला फोन आला.
मागं ट्रॉल्यांचा आवाज, कुणीतरी कुणाचं नाव पुकारतंय.
"टेकती का पाय?"
टेकती.
लाकूड वाजतंय कोब्यावर, ऐका,
म्हटलं, आणि फोन तिच्या खुराशी धरला
बराच वेळ.